नवे न्यायनिर्णय वाचत राहणे वकिलाला का आवश्यक आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वकिलीत नव्याने आलेले ज्युनियर हे प्रश्न विचारतात, आणि वीस-पंचवीस वर्षे प्रॅक्टिस झालेले सहकारीही विचारतात. उत्तरे भारतातील न्यायालयांचे कामकाज डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

कायदा तर अधिनियमात लिहिलेलाच असतो. बेअर ॲक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) पाठ असताना निर्णय कशासाठी वाचायचे?

कलमाचे शब्द जागच्या जागी राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो, असे वारंवार घडते म्हणून. संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. त्यामुळे कलमाचा न्यायालयाने लावलेला अर्थ हा कलमाइतकाच कायद्याचा भाग होतो, आणि तो बेअर ॲक्टच्या पानावर छापलेला नसतो.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा प्रवास पाहिला म्हणजे हे नीट कळते. भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब मध्ये अशा पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राची तरतूद होती. २००५ मध्ये नवज्योत संधू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, प्रमाणपत्र नसले तरी इतर कलमांखाली दुय्यम पुरावा (मुळाऐवजी त्याची प्रत) देता येतो. २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती भूमिका मोडीत काढून प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. २०१८ मध्ये शफी मोहम्मद प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने, ज्याच्या ताब्यात मूळ उपकरण नाही त्याच्यासाठी ही अट शिथिल केली. त्यानंतर १४ जुलै २०२० रोजी जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश किशनराव गोरंट्याल या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अन्वरचाच निर्णय योग्य असल्याचे सांगून शफी मोहम्मदचा निर्णय चुकीचा ठरवला. या सगळ्या काळात कलमाचा मजकूर तोच होता. ज्या वकिलाने २०१८ नंतर वाचन थांबवले, त्याने २०२१ मध्ये मोबाईलमधील संभाषणाची सीडी प्रमाणपत्राशिवाय दाखल केली असेल, तर त्याच्या पक्षकाराचा कदाचित एकमेव भक्कम पुरावा वाचलाच जाणार नाही.

याच २०२० च्या निर्णयात नेहमीच्या कामाला येणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या फारशा सांगितल्या जात नाहीत. मूळ उपकरणाचा मालक स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन ते उपकरण हजर करत असेल, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ज्याने प्रमाणपत्र द्यायचे तो मागूनही देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते. ‘प्रमाणपत्र सक्तीचे’ एवढीच ओळ लक्षात ठेवणाऱ्याच्या हातून हे दोन्ही मार्ग निसटतात.

वकिलाला नवा निर्णय माहीत नसेल तर नुकसान नेमके कोणाचे होते?

पक्षकाराचे, आणि बहुतेक वेळा त्याला त्याचे कारणही कळत नाही. म्हणूनच हा प्रश्न मला अभ्यासूपणाचा न वाटता विश्वासाचा वाटतो. वकीलपत्रावर सही करताना पक्षकार आपल्या माहितीवर विसंबलेला असतो, आणि ती माहिती जुनी आहे का हे तपासण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नसते.

व्यापारी वादांचे उदाहरण बोलके आहे. व्यावसायिक न्यायालये अधिनियमाच्या कलम १२-अ नुसार, तातडीचा अंतरिम आदेश मागितलेला नसेल तर दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थीचा मार्ग वापरावा लागतो. हे बंधन आहे की नुसती सूचना, याविषयी उच्च न्यायालयांत मतभेद होते. ऑगस्ट २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक ठरवले आणि २० ऑगस्ट २०२२ पासून लागू केले. त्यानंतर मध्यस्थीशिवाय दाखल झालेला दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ११ खाली फेटाळला जाऊ शकतो. मुद्दा कितीही खरा असो, दावा दारातूनच परत येतो, आणि दरम्यान मुदतीचे दिवस सरत राहतात.

उलटही घडते. करोनाच्या साथीत सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन, १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला. हा आदेश ठाऊक नसलेला वकील समोर बसलेल्या माणसाला ‘तुमची मुदत संपली आहे’ असे सांगून परत पाठवतो. तो माणूस ते खरे मानून घरी जातो, आणि त्याचा हक्क शाबूत असूनही बुडतो.

माझी प्रॅक्टिस तालुका न्यायालयात आहे. घटनापीठांचे (पाच किंवा अधिक न्यायमूर्तींच्या पीठांचे) निर्णय माझ्या काय कामाचे?

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाची खरी अंमलबजावणी खालच्या न्यायालयातच होते. वाटणीचा दावा, अपघाताची भरपाई, धनादेशाचा खटला, अटकेनंतरची पहिली हजेरी ही तालुका आणि जिल्हा न्यायालयांची रोजची कामे आहेत.

वाटणीच्या दाव्याचेच पाहू. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला सहदायिकीत, म्हणजे जन्मानेच हक्क मिळणाऱ्या एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत, मुलाइतकाच हक्क दिला. परंतु त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे, असे २०१५ च्या प्रकाश विरुद्ध फुलवती या निर्णयात म्हटले होते. वडील २००५ पूर्वी वारले, एवढ्या एका कारणावरून अनेक मुलींना ‘तुमचा दावा टिकणार नाही’ असा सल्ला त्या काळात मिळाला असेल, आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे तो बरोबरही होता. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय रद्द ठरवला. मुलीचा हक्क जन्माने येतो, त्यासाठी वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, असे न्यायालयाने सांगितले.

हा निर्णय पूर्ण वाचणाऱ्याला त्यातून पुढच्या कामाची दिशा मिळते. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली वाटणी किंवा हस्तांतरण या निर्णयामुळे पुन्हा उकरून काढता येत नाही, म्हणून पहिल्याच भेटीत पक्षकाराकडे फेरफार आणि नोंदणीकृत दस्त मागायला हवेत. तोंडी वाटणीचा बचाव सहजासहजी मान्य होणार नाही. सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तरच अपवादाने विचार होईल. त्यामुळे प्रतिवादीचा वकील असाल तर केवळ भावकीतील साक्षीदारांवर विसंबता येणार नाही. आणि प्राथमिक हुकूमनामा (कोणाचा किती हिस्सा हे ठरवणारा पहिला निकाल) झाला असला तरी, अंतिम हुकूमनाम्याची कार्यवाही किंवा अपील प्रलंबित असेल तर मुलीला तिचा वाढीव हिस्सा मागता येतो. हा शेवटचा मुद्दा बातमीच्या मथळ्यात आला नव्हता. कपाटात पडलेल्या जुन्या फायली पुन्हा काढायला लावणारा तोच होता.

अपघात दाव्यांत तर निर्णयाचा हिशेब थेट रुपयांत होतो. ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी निर्णयात घटनापीठाने संपत्तीच्या हानीपोटी १५,०००, सहवास गमावल्यापोटी ४०,००० आणि अंत्यसंस्कारापोटी १५,००० रुपये ठरवले, आणि दर तीन वर्षांनी त्यांत १० टक्के वाढ करावी असेही सांगितले. पुढच्याच वर्षी मॅग्मा जनरल विरुद्ध नानू राम या निर्णयाने सहवासाची संकल्पना पती-पत्नीपुरती न ठेवता मुले आणि आई-वडील यांनाही लागू केली. जो वकील भरपाईच्या तक्त्यात अजून २०१७ चेच आकडे आणि एकट्या विधवेचाच सहवास लिहितो, तो आपल्या पक्षकाराची रक्कम आपल्याच हाताने कमी करत असतो.

निर्णय जाहीर झाला की तो आपोआप सगळीकडे लागू होत नाही का?

कागदावर होतो, व्यवहारात नाही. आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांबद्दल शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात घटनाबाह्य ठरवले. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात होते. जुलै २०२१ मध्ये ही बाब समोर आली तेव्हा न्यायालयाने ती धक्कादायक असल्याचे म्हटले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये असे निर्देश द्यावे लागले. ज्या आरोपीच्या वकिलाने पहिल्याच तारखेला तो निर्णय न्यायाधीशांपुढे ठेवला त्याची सुटका झाली असेल. ज्याच्या वकिलाला तो माहीत नव्हता, त्याने अस्तित्वातच नसलेल्या कलमाखाली न्यायालयाच्या खेपा घातल्या. या प्रश्नावर मला याहून वेगळा पुरावा द्यावासा वाटत नाही.

रद्द ठरलेला निर्णय चुकून दाखवला गेला तर काय होते?

प्रतिपक्षाचा वकील तयारीचा असेल तर तो शांतपणे उभा राहतो, नंतरच्या निर्णयाची एक प्रत शिरस्तेदारांकडे व एक आपल्याकडे देतो, आणि त्यानंतर आपल्या उरलेल्या युक्तिवादाकडे, तो कितीही बरोबर असला तरी, न्यायाधीश साशंकतेने पाहू लागतात. तो तयारीचा नसेल तर अधिकच वाईट, कारण मग चुकीचा आदेश होतो, तो वर टिकत नाही, आणि पक्षकाराची वर्षे व पैसे अपिलात जातात.

वकील हा न्यायालयाचा अधिकारी असतो आणि न्यायालयाची दिशाभूल न करणे हे त्याचे कर्तव्य आहे. ओडिशा राज्य विरुद्ध नलिनीकांत मुदुली या २००४ च्या प्रकरणात, आधीच उलटवल्या गेलेल्या निर्णयाचा आधार उच्च न्यायालयासमोर घेतला गेल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने वकिलाच्या वर्तनावर स्पष्ट नाराजी नोंदवली. आपल्या विरोधात जाणारा बंधनकारक निर्णय माहीत असेल तर तो स्वतःच न्यायालयाला दाखवावा आणि आपल्या प्रकरणातील तथ्ये वेगळी कशी आहेत ते मांडावे, हेच योग्य होय. असे करणाऱ्या वकिलाचे पुढचे म्हणणे न्यायाधीश अधिक विश्वासाने ऐकतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयातील प्रत्येक वाक्य बंधनकारक असते का?

नाही. ज्या तत्त्वावर निकाल उभा असतो ते तत्त्व, म्हणजे आपण ज्याला रेशो म्हणतो ते, बंधनकारक असते. ओघात व्यक्त झालेले मत, म्हणजे ऑबिटर, मार्गदर्शक ठरू शकते पण त्याचे वजन वेगळे असते. रेशो शोधायचा तर तथ्ये वाचावीच लागतात. एखाद्या परिच्छेदातील चांगले वाक्य उचलून अर्जात उतरवणे सोपे असते, पण ते वाक्य कोणत्या तथ्यांच्या संदर्भात आले हे न्यायाधीशांनी विचारले की पंचाईत होते.

पीठातील न्यायमूर्तींची संख्याही पाहावी लागते. दाऊदी बोहरा समाजाच्या केंद्रीय मंडळाच्या प्रकरणात घटनापीठाने सांगितले आहे की, मोठ्या पीठाचा निर्णय लहान पीठावर बंधनकारक असतो, आणि समान संख्येच्या पीठाला आधीच्या निर्णयाविषयी शंका असेल तर त्याने प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस करावी.

विशेष अनुमती याचिका (सर्वोच्च न्यायालयात अपील करू देण्याची परवानगी मागणारी याचिका) नुसती फेटाळली जाणे आणि अपिलात निर्णय होणे यांत मोठा फरक आहे. कारणे न देता याचिका फेटाळली गेल्यास उच्च न्यायालयाच्या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटली असे होत नाही, हे २००० मधील कुन्हयम्मेद विरुद्ध केरळ राज्य या निर्णयात स्पष्ट केले आहे. तरीही ‘हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम केला आहे’ असे विधान युक्तिवादात सर्रास ऐकू येते.

समान संख्येच्या दोन पीठांचे निर्णय परस्परविरोधी असतील तर?

आधीचा निर्णय विचारात न घेता नंतरचा दिला गेला असेल, तर आधीचाच मानावा. एप्रिल २०१३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने तीन-तीन न्यायमूर्तींच्या पीठांनी रेश्मा कुमारी आणि राजेश विरुद्ध राजबीर सिंग हे दोन निर्णय दिले आणि भविष्यातील उत्पन्नवाढीबाबत त्यांत विसंगती निर्माण झाली. प्रणय सेठी प्रकरणात घटनापीठाने, आधीच्या रेश्मा कुमारी निर्णयाची दखल न घेतल्यामुळे राजेशचा निर्णय बंधनकारक पूर्वनिर्णय ठरत नाही, असे सांगितले. म्हणून निर्णयांच्या तारखा वर्षापुरत्या न लिहिता दिवसासह टिपून ठेवाव्यात.

नवा निर्णय जुन्या प्रकरणांनाही लागू होतो का?

सर्वसाधारणपणे होतो, कारण न्यायालय कायदा नव्याने करत नाही, तो आधीपासून काय होता ते सांगते, असे मानले जाते. पण न्यायालय आपल्या निर्णयाचा परिणाम पुढच्या काळापुरता मर्यादित ठेवू शकते. भारतात हे तत्त्व १९६७ च्या गोलकनाथ निर्णयापासून आले. पाटील ऑटोमेशनमधील २० ऑगस्ट २०२२ ही तारीख याच प्रकारची आहे. अशी तारीख बहुधा निर्णयाच्या अखेरच्या परिच्छेदांत असते, आणि नेमका तोच भाग घाईत वाचायचा राहतो.

निर्णयानंतर संसदेने कायदाच बदलला तर?

मग निर्णयासोबत दुरुस्तीही वाचावी लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, धनादेश न वटल्याची तक्रार धनादेश काढणाऱ्याच्या बँकेची शाखा जेथे आहे तेथील न्यायालयात करावी. पुरावा सुरू न झालेल्या तक्रारी योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत दिल्या गेल्या आणि फिर्यादींना आरोपीच्या गावी धाव घ्यावी लागली. जून २०१५ मध्ये अध्यादेश आला, त्याच वर्षी अधिनियमात दुरुस्ती झाली, आणि खात्यामार्फत वटवण्यासाठी दिलेल्या धनादेशाबाबत, पैसे मिळणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयाला अधिकार मिळाला. वर्षभराच्या आत पारडे पूर्ण फिरले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाल्यावर हे काम आणखी नाजूक झाले आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२ हे उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे होते. नव्या संहितेत कलम ४८२ अटकपूर्व जामिनाचे आहे आणि अंगभूत अधिकार कलम ५२८ मध्ये गेले आहेत. जुना निर्णय दाखवताना कलमांचा नुसता क्रमांक सांगितला तर गोंधळ होणारच. तरतूद जशीच्या तशी राहिली असेल तर जुन्या निर्णयाचे मोल टिकते. शब्द बदलले असतील, तर दोन्ही कलमे शेजारी ठेवून फरक वाचावा लागतो. कलम ६५-ब ची जागा घेणाऱ्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचा नमुनाच जोडला आहे, त्यामुळे खोतकर निर्णय आता त्या नमुन्यासह वाचायला हवा.

हेडनोट (निर्णयाच्या सुरुवातीला छापलेला सारांश), बातमी किंवा व्हॉट्सॲपवर आलेला सारांश पुरेसा नाही का?

निर्णय आला आहे हे कळण्यापुरता पुरेसा आहे. हेडनोट संपादकाने लिहिलेली असते, न्यायमूर्तींनी नव्हे. तिच्यात अपवाद गळतात आणि अटी पुसट होतात. संगणकीय बुद्धिमत्तेच्या साधनांकडून निर्णय शोधून घेणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. न्यूयॉर्कमधील फेडरल न्यायालयात २०२३ साली वकिलांनी अशा साधनाने रचलेले, मुळात अस्तित्वातच नसलेले निर्णय दाखल केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. जो निर्णय स्वतः उघडून वाचला नाही तो न्यायालयात दाखवू नये, हा नियम मी स्वतःपुरता पाळतो आणि ज्युनियरांनाही तोच सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निर्णय मराठीत अनुवादित होतात. पक्षकाराला समजावण्यासाठी ते फार उपयोगी आहेत. पण युक्तिवाद करताना मूळ इंग्रजी मजकूरच प्रमाण असतो.

रोज बोर्डावर इतकी प्रकरणे असताना वाचायला वेळ कुठून आणायचा?

सगळेच वाचायचे नसते. आपण ज्या तीन-चार विषयांत काम करतो त्यांतील निर्णय वाचावेत, आणि आठवड्यातला एक ठरावीक तास त्यासाठी राखावा. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवाल ई-एससीआर या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, तटस्थ साइटेशनमुळे (न्यायालयानेच निर्णयाला दिलेल्या क्रमांकामुळे) निर्णय शोधणेही सोपे झाले आहे. त्यामुळे महागडी नियतकालिके परवडत नाहीत, ही अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही.

माझी पद्धत जुनीच आहे. नवा निर्णय वाचला की संबंधित कलमाशेजारी बेअर ॲक्टच्या समासात पेन्सिलीने नाव, तारीख, पीठातील न्यायमूर्तींची संख्या आणि एका ओळीत मुद्दा लिहायचा. तो निर्णय पुढे रद्द झाला तर नोंद खोडायची नाही. तिच्यावर एक रेघ मारून खाली नव्या निर्णयाचे नाव लिहायचे. कलम ६५-ब च्या समासात माझ्याकडे अशा तीन रेघा आहेत. फौजदारी कायदे बदलल्यावर नव्या प्रतीत या नोंदी उतरवून घ्यायला दोन सुट्ट्या लागल्या, पण त्या निमित्ताने सगळेच पुन्हा तपासून झाले.

मग जुने निर्णय बाजूला ठेवायचे का?

मुळीच नाही. संविधानाची मूलभूत चौकट बदलता येत नाही असे सांगणारा २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारतीचा निर्णय आजही घटनादुरुस्तीच्या प्रत्येक वादात उभा राहतो. वाचताना निर्णयाचे वय पाहायचे नसते. त्यानंतर त्याचे काय झाले ते पाहायचे असते.

नवा निर्णय वाचल्यावर चालू प्रकरणांचे काय करायचे?

फायली उघडायच्या. मुद्रांक शुल्क न भरलेल्या करारातील लवादाचे कलम ग्राह्य नाही, असे एप्रिल २०२३ मध्ये एन. एन. ग्लोबल प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवले, आणि त्याच वर्षी १३ डिसेंबरला सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत रद्द केले. मधल्या आठ महिन्यांत ज्यांनी लवादाचा मार्ग सोडून दिला, त्यांना नवा सल्ला द्यायला हवा होता. तसेच, दिवाणी आणि फौजदारी खटल्यांवरील स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठते, हा २०१८ च्या एशियन रिसर्फेसिंग निर्णयातील दंडक २९ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनापीठाने काढून टाकला. त्या दिवशी ज्याच्या कपाटात स्थगिती मिळालेली प्रकरणे होती, त्या प्रत्येक वकिलाने दुसऱ्याच दिवशी आदेशांच्या तारखा पाहून पक्षकारांना फोन करणे आवश्यक होते: ज्यांची स्थगिती संपली असे आपण सांगितले होते त्यांना, आणि ज्यांच्या विरुद्ध पक्षाला ती मिळाली होती त्यांनाही.